वेत, बांबू, काथ्या आणि ओल

गेल्या काही वर्षांत शहरांतल्या नव्या फ्लॅटमध्ये गेले की एक ठरावीक चित्र दिसते. हॉलच्या कोपऱ्यात वेताचा टांगता झोपाळा, खिडकीला बांबूच्या काड्यांचा पडदा, सोफ्यापुढे तागाचा गालिचा, भिंतीवर सुपे-टोपल्यांची मांडणी आणि मोठ्या पानांची चार-पाच झाडे. इंटिरिअरवाले याला ‘ट्रॉपिकल स्टाइल’ म्हणतात. आपल्या आजीच्या घरात यातले निम्मे सामान होतेच, फक्त त्याला कोणी स्टाइल म्हणत नव्हते. बांबूचे सूप धान्य पाखडायला होते आणि शिंदीची चटई झोपायला.

हा बदल मला मनापासून आवडतो. प्लास्टिक आणि फोम यांच्यापेक्षा वेत-बांबू डोळ्यांना आणि हाताला बरे वाटतात, शिवाय चार कारागिरांना काम मिळते. पण ओपीडीत अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. ‘‘डॉक्टर, मुलाला दमा आहे म्हणून आम्ही घरातले सगळे कृत्रिम सामान काढून नैसर्गिक आणले. तरी पावसाळ्यात खोकला वाढलाच. असे का?’’

नैसर्गिक म्हणजे आरोग्याला चांगले, हे या प्रश्नामागचे गृहीतक आहे आणि ते अर्धेच खरे आहे. फुप्फुसांच्या दृष्टीने वस्तू कशाची बनली आहे याला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच किंवा त्याहून थोडे अधिक महत्त्व ती किती काळ ओली राहते याला आहे. घर सजवताना रंगसंगतीचा विचार होतो, बजेटचा होतो. ओलीचा विचार मात्र बहुतेक वेळा भिंतीवर काळे ठिपके उमटल्यावरच सुरू होतो.

उष्ण कटिबंध एकच नाही

संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला येतो. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे आपण सगळेच उष्ण कटिबंधात राहतो. पण नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै या दोन वेगळ्या दुनिया आहेत. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तर कोकणात जुलैमध्ये ती ८५ टक्क्यांच्या वर असते. पहिल्या हवेत ओला टॉवेल तासाभरात कडक होतो, दुसऱ्या हवेत तोच दोन दिवस कुबट वास देत राहतो. त्यामुळे नागपूरला शोभणारी आणि मानवणारी वस्तू रत्नागिरीलाही मानवेलच असे नाही.

जुन्या घरांना हे ठाऊक होते. कोकणातले घर उंच जोत्यावर, जांभ्या दगडाच्या भिंतींचे. उतरते छप्पर, पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून बाहेर काढलेली वळचण, पुढे-मागे पडवी. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगळुरी कौले हळूहळू सगळ्या किनारपट्टीवर पसरली. कौलांच्या बारीक फटींतून आतली गरम, दमट हवा वर निघून जाई. चुलीच्या धुराने वासे आणि बांबू कोरडे राहत आणि त्यांना कीड कमी लागे. त्याच धुराने आपल्या आया-आज्यांची फुप्फुसे खराब केली, हेही विसरता कामा नये. जुने ते सगळे सोने नव्हते. पण हवा खेळती होती आणि वस्तूंची दरवर्षी उस्तवार होत असे. पावसाआधी घर शाकारले जाई, गाद्या-गोधड्या उन्हात पडत, फाटलेली चटई फेकून नवी येई.

श्रीलंकेचे वास्तुरचनाकार जेफ्री बावा (१९१९-२००३) यांच्या घरांचे फोटो आज ‘ट्रॉपिकल’ सजावटीसाठी नमुना म्हणून दाखवले जातात. त्या घरांचा खरा गाभा फर्निचरमध्ये नसून उघड्या चौकांत आणि वाहत्या हवेत आहे. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ या उंच इमारतीत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या, कारण समुद्राची हवा हवी होती, पण पश्चिमेचे ऊन आणि पावसाची झड नको होती. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचेच ते काम. आपण मात्र व्हरांडा बंद करून हॉलमध्ये घेतो, सरकत्या काचा लावतो, रात्री एसी, दिवसा कुलूप, पावसाळ्यात कपडे बेडरूममध्ये वाळत, आणि अशा बंद डब्यात वेत, ताग आणि काथ्या आणून ठेवतो.

ओल धरते म्हणजे काय होते?

वेत, बांबू, ताग, काथ्या, घायपात, कापूस या सगळ्या वनस्पतीजन्य वस्तू हवेतली आर्द्रता शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली की सोडून देतात. हा त्यांचा गुणच आहे. म्हणून तर सुती चादर नायलॉनपेक्षा सुखाची वाटते. पण हवा आठवडेच्या आठवडे दमट राहिली तर सोडण्याची वेळच येत नाही. वस्तूच्या पृष्ठभागाजवळची आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला तेवढे पुरते. अन्न म्हणून तिला सेल्युलोज, धूळ आणि बांबूतला पिष्टमय भाग मिळतो. बांबूतल्या याच पिष्टासाठी त्यात बारीक भुंगेरे शिरतात आणि खुर्चीखाली पिवळसर भुसा पडू लागतो. जाणकार बुरूड बांबू पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेला घेतात, कारण तेव्हा त्यात पिष्ट कमी असते. आजकाल बांबू टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात भिजवून टिकाऊ करतात. खरेदी करताना ‘ही प्रक्रिया केली आहे का’ एवढा एक प्रश्न विचारला तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. ते श्वासातून गेल्यावर प्रत्येकाला त्रास होतो असे नाही. पण ज्यांना अ‍ॅलर्जी आहे, दमा आहे, जे फार लहान किंवा फार वृद्ध आहेत, त्यांना शिंका, नाक गळणे, डोळे चुरचुरणे, रात्रीचा खोकला, छातीत शिट्टी वाजणे असा त्रास होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास वाढण्याचा धोका अधिक असतो, असा तिचा निष्कर्ष आहे. विशेष म्हणजे ‘इतकी बुरशी चालेल’ असा कोणताही सुरक्षित आकडा त्यात दिलेला नाही. सततची ओल टाळा, एवढेच सांगितले आहे.

दुसरा पाहुणा डोळ्यांना दिसत नाही. धुळीतले कीटक, ज्यांना डस्ट माइट म्हणतात, ते जेमतेम पाव-तृतीयांश मिलिमीटरचे असतात. घरातल्या धुळीची अ‍ॅलर्जी प्रत्यक्षात या माइटमुळे होते हे १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी मांडले. हे जीव आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी पीत नाहीत. लागणारी आर्द्रता ते हवेतूनच घेतात. म्हणून हवा बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली कोरडी राहिली तर ते तग धरत नाहीत, आणि ७०-८० टक्के आर्द्रता व २५ अंश तापमान असेल तर फोफावतात. मुंबई, कोकण, गोवा इथली वर्षातली बरीच हवा नेमकी अशीच असते.

तागाचा जाड गालिचा या दृष्टीने अडचणीचा आहे. तो दिसतो छान, पण कोंडा आणि धूळ आत धरून ठेवतो, धुतला तर लवकर वाळत नाही आणि वाळला तरी रंग बिघडतो. म्हणून तो धुतलाच जात नाही. सावरीच्या कापसाच्या उशा, काथ्याची गादी, कापसाची गादी यांचेही तसेच. पूर्वी गादी गच्चीवर ऊन खात असे आणि दोन-तीन वर्षांनी पिंजारी येऊन कापूस पिंजून देई. कडक उन्हाने माइट मरतात, पण त्यांची विष्ठा, जी खरी अ‍ॅलर्जी करते, ती तिथेच राहते. म्हणून उन्हानंतर गादी बाहेरच झोडपावी, आणि चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत. पाणी ५५-६० अंशांचे असेल तर उत्तम. दम्याच्या रुग्णाने मात्र झोडपण्याच्या कामापासून दूर राहावे.

वाळ्याचा गारवा आणि कूलर

आता विदर्भ, मराठवाडा, खानदेशाकडे जाऊ. इथली नैसर्गिक सजावट म्हणजे वाळ्याच्या ताट्या. दाराला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी शिंपडलेले, आणि आत येणारा सुगंधी गारवा. यामागचे विज्ञान पक्के आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषून घेते. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जोरात. म्हणूनच हीच ताटी मुंबईत लावली तर गारवा नगण्य आणि चिकचिक मात्र दुप्पट. किनाऱ्यावर वाळ्याचे पडदे लावण्याचा मोह टाळावा.

विदर्भात ताटीची जागा कूलरने घेतली. त्याच्या तिन्ही बाजूंना वाळ्याचे किंवा वुडवूल म्हणजे लाकडाच्या बारीक तासांचे पॅड असते. हे पॅड मार्च ते जून सतत ओले असते. त्यात धूळ अडकते, खाली टाकीत पाणी साचते, आणि पंखा ती हवा थेट झोपलेल्या माणसाच्या तोंडावर सोडतो. याकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले ते एका भारतीय अभ्यासाने. ‘आयएलडी इंडिया रजिस्ट्री’ या नोंदणीत १९ शहरांतल्या २७ केंद्रांवरून फुप्फुसांच्या इंटरस्टिशियल आजारांच्या १,०८४ रुग्णांची माहिती गोळा झाली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सर्वाधिक, म्हणजे ४७ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा आजार निघाला. आणि या रुग्णांपैकी सुमारे ४८ टक्के जणांनी एअर कूलरच्या हवेचा संपर्क सांगितला. संपर्क असणे म्हणजे तेच कारण सिद्ध झाले असे नव्हे, आणि आपल्याकडे लाखो घरांत कूलर असूनही बहुतेकांना हा आजार होत नाही. तरीही हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

हा आजार दमा नाही आणि जंतुसंसर्गही नाही. बुरशी किंवा पक्ष्यांच्या विष्ठेतले सूक्ष्म कण वारंवार श्वासातून गेल्याने फुप्फुसाच्या वायुकोशांत प्रतिकारशक्तीची तीव्र प्रतिक्रिया होते. तीव्र प्रकारात संपर्कानंतर चार-आठ तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप लागते. एक-दोन दिवसांत बरे वाटते, आणि व्हायरल समजून प्रकरण विसरले जाते. वर्षानुवर्षे संपर्क चालू राहिला तर फुप्फुस आतून घट्ट होत जाते. जिना चढताना लागणारी धाप हे पहिले लक्षण, पण माणूस ते वयावर ढकलतो. एकदा फुप्फुसात व्रण पडले की ते मागे नेता येत नाहीत. लवकर ओळखून संपर्क थांबवणे हाच त्यातला सर्वात मोठा उपचार आहे. म्हणूनच आम्ही अशा रुग्णांना घरात कूलर आहे का, कबुतरे आहेत का, भिंतीला ओल आहे का, असे घरगुती प्रश्न विचारतो. नातेवाइकांना ते कधी कधी वेळकाढूपणाचे वाटतात. पण निदान बऱ्याचदा त्या उत्तरांतच असते.

कूलर टाकून द्या असे मी म्हणणार नाही. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात उष्माघात हा त्याहून जवळचा धोका आहे आणि प्रत्येकाला एसी परवडत नाही. पण दर हंगामाला पॅड नवे घालावे, जुने तसेच वापरू नये. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करावी. समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीतच दमट हवा फिरत राहते. पावसाळा लागला की कूलर बंद, पॅड काढून फेकायचे आणि टाकी वाळवून ठेवायची.

झाडे हवी, पण कशासाठी?

स्नेक प्लांट, मनी प्लांट, मॉन्स्टेरा ही झाडे ‘हवा शुद्ध करतात’ म्हणून विकली जातात. या समजुतीचे मूळ १९८९ मधल्या ‘नासा’च्या एका अभ्यासात आहे. तो अभ्यास लहान, बंद पेटीत झाला होता. आपल्या घरात हवा सतत बदलत असते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा डझनभर अभ्यासांतले प्रयोग पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की उघड्या-झाकल्या खिडकीतून आपोआप होणाऱ्या वायुविजनाइतकी हवा शुद्ध करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत किमान नव्वदेक झाडे. मग माणसांनी कुठे बसायचे?

झाडे मनाला प्रसन्न करतात, आणि तेवढे कारण मला पुरेसे वाटते. फक्त त्यांची बाजू पूर्ण समजून घ्यावी. कुंडीला घातलेले जवळजवळ सगळे पाणी शेवटी खोलीच्या हवेतच जाते. २० कुंड्यांना अर्धा-अर्धा लिटर घातले तर दहा लिटर बाष्प झाले. कोरड्या हवेच्या गावात ते चालते, ठाण्या-पनवेलच्या जुलैत नाही. कुंडीतल्या मातीत बुरशी असतेच. म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या कक्षात कुंड्या ठेवू देत नाहीत. घरात केमोथेरपी चालू असलेला किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारा रुग्ण असेल, तर त्याच्या खोलीत झाडे नकोत.

त्याहून रोजचा धोका डेंग्यूचा. एडिस डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून कुंडीखालची बशी, बाटलीतला मनी प्लांट, तांब्याच्या उरळीतली फुले यांचे पाणी नुसते बदलून भागत नाही. आठवड्यातून एकदा भांडे आतून घासून पुसायला हवे. ‘लकी बांबू’ हा तर मुळात बांबूच नाही. ती मध्य आफ्रिकेतली ड्रसीना जातीची वनस्पती आहे. २००१ मध्ये पाण्यात ठेवून पाठवलेल्या अशाच ‘लकी बांबू’च्या मालातून एडिस जातीचा डास कॅलिफोर्नियात पोहोचला होता. भाग्य उजळवायला आणलेल्या रोपाचे पाणी आठवड्याला बदलले नाही, तर ते कुठपर्यंत जाऊ शकते याचे हे उदाहरण.

घरात रांगते मूल असेल तर आणखी एक काळजी. डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, मनी प्लांट ही सगळी अळूच्या कुळातली. अळूची वडी करताना आपण चिंच किंवा आमसूल का घालतो? घसा खाजू नये म्हणून. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. डिफेनबेकियाचे पान मुलाने चावले तर हेच स्फटिक ओठ, जीभ आणि घशात रुततात, आग होते, सूज येते, लाळ गळते. अशा वेळी तोंड पुसून गार पाण्याने धुवावे, थंड दूध घोट-घोट पाजावे, उलटी करवू नये. सूज वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर तडक रुग्णालय गाठावे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर ही दिसायला सुंदर, पण हृदयावर परिणाम करणारी विषारी झाडे आहेत. मुलांच्या घरात, अगदी बाल्कनीतही ती नकोत. आणि बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत कबुतराने अंडी घातली तर ‘पिल्ले उडून जाऊ देत’ म्हणून महिनाभर थांबण्याआधी वर सांगितलेला फुप्फुसांचा आजार आठवावा.

माती, शेण आणि ‘नैसर्गिक दिसणारे’

शहरातले लोक आता गावाकडच्या फार्महाउसला मातीचा गिलावा आणि शेणाने सारवलेली जमीन करून घेतात. मातीच्या भिंती घर गार ठेवतात, यात शंका नाही. पण मातीला फटी पडतात आणि दमट फटींत सँडफ्लाय ही दोन-तीन मिलिमीटरची माशी वाढते. तिच्यामार्फत पसरणारा चांदीपुरा विषाणू आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावावरून ओळखला जातो. तो तिथे १९६५ मध्ये सापडला. मुलांना होणारा त्याचा मेंदूज्वर फार झपाट्याने बळावतो. २००३ मध्ये महाराष्ट्र व आंध्रात आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याचे उद्रेक झाले. फटी वेळच्या वेळी लिंपल्या, गोठा आणि उकिरडा घरापासून दूर ठेवला तर धोका बराच कमी होतो. सारवलेल्या जमिनीवर मधुमेहींनी, विशेषतः पायाला भेग किंवा जखम असताना, अनवाणी चालू नये. शेणामातीत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. वर्षात एकदोनदा फार्महाउसला गेले की सारवण जिवंत राहत नाही, त्याला नेमाने हात फिरवावा लागतो.

याउलट दुकानात ‘नैसर्गिक लूक’ म्हणून मिळणारे बरेच फर्निचर प्लायवूड, एमडीएफ किंवा दाबलेल्या बांबूचे असते. त्यातल्या गोंदात बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड असते आणि ते हवेत हळूहळू सुटत राहते. उष्णता आणि दमटपणा वाढला की सुटण्याचा वेगही वाढतो. नवीन घरात राहायला गेल्यावर डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके दुखणे यामागे कधी कधी हेच असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण कमी उत्सर्जनाचा ‘ई-०’ किंवा ‘ई-१’ दर्जा विचारून घ्यावा, आणि फर्निचर-पॉलिश झाल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवूनच राहायला जावे. बाळंतीण आणि नवजात बाळासाठी नवी कोरी खोली ऐनवेळी तयार करणे तर टाळावेच.

मग सजवायचे कसे?

- आधी आर्द्रता मोजा. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते. बेडरूममध्ये ते सतत ६५-७० टक्क्यांच्या वर राहत असेल तर तिथे गालिचे, कुंड्या आणि जाड पडदे कमी करा.
- किनारपट्टीवर मोकळ्या विणीचे वेत, पुसता येणारे लाकूड, शहाबादी किंवा साधी फरशी, पातळ सुती पडदे चांगले. गालिचा हवाच असेल तर पावसाआधी ऊन देऊन गुंडाळून ठेवा आणि दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढा.
- बांबूचा पडदा शक्य असेल तर खिडकीच्या बाहेर लावा. ऊन काचेतून आत येण्याआधीच अडले तर खोली गार राहते. आतून लावलेला पडदा आत आलेली उष्णता अडवू शकत नाही.
- कपाट, पलंग, झोपाळा भिंतीपासून तीन-चार इंच दूर ठेवा. बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या सामानामागेच बुरशी आधी धरते.
- पावसाळ्यात कपडे झोपण्याच्या खोलीत वाळवू नका. स्वयंपाकघर आणि बाथरूमचा पंखा वापर संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. पाऊस थांबला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा.
- बुरशी दिसली तर साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा. तोंडाला मास्क बांधा. ब्लीच वापरायचे तर ते टॉयलेट क्लीनरच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो. बुरशी खोल गेलेली उशी, गादी, टोपली टाकून द्या.
- भिंतीत पाण्याची गळती असेल तर आधी तिची दुरुस्ती करा. वरून रंग किंवा वॉलपेपर लावून ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते.

डॉक्टरकडे कधी जावे, तेही सांगतो. घराबाहेर चार दिवस राहिल्यावर खोकला-धाप कमी होते आणि घरी परतल्यावर पुन्हा सुरू होते, ही खूण फार महत्त्वाची आहे. ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. रात्री झोपेतून उठवणारा खोकला, छातीत शिट्टी, चढ चढताना नव्याने लागणारी धाप यांच्यासाठी स्पायरोमेट्रीची तपासणी करून घ्यावी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, सोबत संध्याकाळी ताप किंवा वजन घटणे असेल, तर सगळा दोष गालिच्याला देण्याआधी क्षयरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यांत ती मोफत होते. आणि घर कितीही स्वच्छ केले तरी दम्याचा इनहेलर आपल्या मनाने बंद करू नका. घरातली ओल कमी करणे हे औषधाच्या जोडीचे काम आहे, औषधाऐवजी करायचे नाही.

दुकानात एखादी वस्तू आवडली की स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. ही धुता किंवा पुसता येईल का, आणि हिला ऊन दाखवता येईल का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर ती दमट गावातल्या बंद घरासाठी नाही. उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल आणा. फक्त वेताच्या विणीतली धूळ दर आठवड्याला काढणे, गालिचा गच्चीवर नेणे, कुंड्यांखालच्या बशा घासणे हे काम घरात कोण करणार, हेही पैसे देण्याआधीच ठरवावे. बहुतेक घरांत ते न बोलता एकाच व्यक्तीच्या वाट्याला जाते, आणि पुष्कळदा धुळीची अ‍ॅलर्जी नेमकी तिलाच असते.